मीठ, कोळसा आणि सर्व्हर

आपल्याकडे भिंतीतल्या प्रत्येक प्लगला बटण असतं, आणि घराबाहेर पडताना ती सगळी बटणं बंद करणं हा संस्कार असतो. टीव्हीचं बंद, मिक्सरचं बंद, गिझरचं तर दोनदा बघून बंद. अशा घरात चोवीस तास चालणारं यंत्र ठेवायचं म्हणजे आधी या संस्काराशी गाठ. आमच्या सासूबाई जाता-येता खोलीत डोकावणार आणि "अगं, उगाच चालू होतं, बंद केलं मी," असं समाधानाने सांगणार. शेवटी मी बटणावर काळी इन्शुलेशन टेप उभी-आडवी लावली आणि शेजारी चिठ्ठी डकवली : 'हे बटण बंद करू नये.' पुण्यात पाट्या लिहायला वेगळं शिकावं लागत नाही.

माझ्या चिठ्ठीला घराणंही मोठं आहे. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर सुरू केला, तो नेक्स्ट कंपनीच्या एका काळ्या कॉम्प्युटरवर. येताजाता कोणी तो बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेलं लेबल चिकटवलं होतं : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतही सासूबाई होत्याच.

आमचं घर सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे. खिडकी नाही, छताजवळ एक झरोका. एके काळी इथे वर्षाचे गहू एरंडेल लावून भरलेले असायचे, लोणच्याच्या बरण्यांना पांढरी फडकी बांधलेली असायची, वरच्या फळीवर पापड-कुरडयांचे डबे. भर मे महिन्यातही तिथली फरशी पायाला गार लागते. पुढे धान्य वर्षाऐवजी महिन्याचं यायला लागलं, मग आठवड्याचं, आणि आता तर दहा मिनिटांत दारात येतं. कोठीत उरलं ते गेल्या दिवाळीचे आकाशकंदील, पाय मोडलेलं स्टूल आणि कधीतरी दुरुस्त होईल या आशेवर जपलेला मिक्सर. तो सगळा पसारा काढून मी तिथे कॉम्प्युटर मांडले. साठवणाच्या खोलीत पुन्हा साठवणच आली, याचं मला बरं वाटतं.

लोक विचारतात, हे सगळं कशासाठी? गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, हे एक कारण सांगता येतं. दुसरं कारण म्हणजे बाबांच्या कॅसेटी. बाबा संस्कृतच्या शिकवण्या घेत आणि शिकवताना टेप लावून ठेवत. तासाभराची कॅसेट मूळ दर्जात उतरवली की सहाशे एमबीच्या वर जाते, आणि कॅसेटींची तर पिशवी भरली होती. त्यात बाबांच्या आवाजामागे शेजारची पिठाची गिरणी सतत घरघरतेय. हा आवाज पुसून टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं. मी वापरलेलं नाही. रघुवंशाचा श्लोक, त्यामागे गिरणी, मध्येच आईने आतून मारलेली हाक, हे सगळं आता माझ्या कोठीत आहे. पण खरं सांगायचं तर कारणं मागाहून सुचतात. आधी हौस येते.

खऱ्या सर्व्हर रूममध्ये लोखंडी रॅक असतो. त्याची रुंदी १९ इंच ठरलेली, आणि त्यात बसणाऱ्या यंत्राची उंची मोजायचं एककही ठरलेलं, पावणेदोन इंच. टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून ही मापं चालत आली आहेत. असा नवा रॅक घ्यायला गेलं की त्या पैशात एखादा जुना कॉम्प्युटर येतो, म्हणून मी तो घेतलाच नाही. किराणा दुकानात असते तशी भोकं पाडलेल्या अँगलची मांडणी आमच्याकडे होतीच. तिचे कप्पे वरखाली करता येतात आणि भोकांतून वायरी सुतळीने बांधता येतात. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ मध्ये स्टॅनफर्डला असताना ४ जीबीच्या दहा डिस्क ज्या पेटीत बसवल्या होत्या, ती लहान मुलांच्या खेळातल्या रंगीत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची होती. त्या मानाने अँगलची मांडणी म्हणजे श्रीमंतीच.

यंत्रं जमवायला पुण्यात तपकीर गल्ली आहे, रविवार-बुधवारचा जुना बाजार आहे. मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, त्याचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मात्र बहुतेकांना बिलावरच वाचायला मिळतं. सध्या या हौसेला दिवस बरे आले आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते, आणि विंडोज १०ची नियमित अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. त्यामुळे कचेऱ्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं लॉटच्या लॉट विकायला काढली. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी : सात इंची चौरस, दीड इंचाहून कमी जाडीचे. अशी तीन मी घेतली, एकेक दहा हजारांच्या आतबाहेर. एकाच्या पाठीवर मूळ कचेरीचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं आहे. अडचण आल्यास अमुक एक्स्टेन्शनवर फोन करा, असं त्यावर अजून वाचता येतं. कोणत्या कचेरीत, ते खरवडलं गेलंय. लिनक्स यंत्राचं जन्मसाल विचारत नाही. त्यावर डेबियन टाकलं, जे १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक चालवत आले आहेत, आणि फोटो, गाणी, कागदपत्रं सांभाळणारी सॉफ्टवेअरं टाकली. सगळी खुली आणि फुकट.

डिस्कचं मात्र वेगळं आहे. हार्डडिस्क आपण किती तास चाललो याची नोंद स्वतःच ठेवते. वर्षाचे तास होतात ८,७६०. एका दुकानात मला सांगण्यात आलं, "मॅडम, एकदम कोरी आहे, नुसती पडून होती." लॅपटॉपला जोडून बघितली तर पडून राहिलेल्या डिस्कचे ३८,००० तास भरलेले, म्हणजे सव्वाचार वर्षांहून जास्त अखंड नोकरी. कधीकधी हा आकडा पुसून शून्यही केलेला असतो. म्हणून यंत्र जुनं चालेल, डिस्क नवीच हवी, या मतावर मी ठाम आहे. यंत्र गेलं तर दुसरं येतं. डिस्क गेली की गिरणीही गेली आणि आईची हाकही.

हौशी मंडळींना एक मोह हमखास पडतो, तो म्हणजे मोठ्या कंपनीतून निघालेला लांबलचक, चपटा, खराखुरा सर्व्हर. पंधरा-वीस हजारांत तो मिळतो, आणि त्या किमतीला त्यात मेमरी इतकी असते की डोळे दिपतात. मलाही तो एका गोडाउनमध्ये दाखवला. सुरू केल्याबरोबर जो आवाज आला, त्याने बाहेरचं कुत्रं उठून गेलं. त्याचं कारण साधं आहे. पावणेदोन इंच उंचीच्या पेटीत चार सेंटिमीटरहून मोठा पंखा मावतच नाही, आणि एवढ्याशा पंख्याने पुरेशी हवा ढकलायची तर त्याला मिनिटाला हजारो फेऱ्या घालत किंचाळावंच लागतं. आवाज सोसला, तरी वीज आहे. काही काम नसताना बसल्या बसल्या १५० वॉट खाणारं यंत्र महिन्याला १०८ युनिटं घेतं. माझं टायनी बसल्या बसल्या दहाएक वॉट, म्हणजे महिन्याला सात-सव्वासात युनिटं. शिवाय आपल्या घरगुती बिलात १००, ३००, ५०० असे टप्पे आहेत. घरचा फ्रीज-पंख्यांचा वापर आधीच धरलेला असतो, त्यामुळे हौसेचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दराने लागतं. विकत घेताना स्वस्त पडलेलं ते यंत्र दोनतीन वर्षांच्या बिलात आपली किंमत पुन्हा वसूल करतं. मी ते तिथेच सोडून आले.

एक मोठं मिळेना तर लहान पुष्कळ जोडावीत, ही युक्ती तशी पुण्याच्या अंगवळणी पडलेली आहे. अमेरिकेकडून सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप्सना एकत्र राबवून. माझ्या तीन डब्यांनी त्या कुळाशी नातं सांगणं आगाऊपणाचं आहे. सांगून टाकलं, इतकंच.

यंत्र जेवढी वीज खातं ती शेवटी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. माझी तीन यंत्रं, डिस्क, स्विच आणि राउटर मिळून पन्नास-साठ वॉट होतात. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. म्हणजे कोठीत अर्धा माणूस कायम बसलेला असतो, आणि अर्ध्या माणसासाठी एसी लावायचं कारण नाही. गरम हवा वर जाते, झरोका वरच आहे. बांधणाऱ्याने तो धान्याला कुबट वास लागू नये म्हणून ठेवला असणार. तिथे कॉम्प्युटरचा बारा सेंटिमीटरचा पंखा बाहेर तोंड करून बसवला, दाराच्या खालच्या फळीला सुताराकडून फटी पाडून घेतल्या, आणि दोन्हीकडे मच्छरजाळी लावली. जाळी पालीसाठी. राउटरच्या उबेला पाल येऊन बसते, हे ज्यांनी एकदा पाहिलंय ते जाळीचे पैसे वाचवत नाहीत.

आता सगळ्यात खोल गोष्ट.

मांडणीच्या लोखंडाला हाताची मागची बाजू लागली की एक बारीक चुणचुण जाणवायची. शॉक नव्हे. पावसाळ्यात, अनवाणी असलं की जरा जास्त. आमचे वायरमन काका आले, त्यांनी खिशातला टेस्टर मांडणीला लावला, आणि टेस्टरमधला छोटा दिवा नारिंगी उजळला. मग त्यांनी प्लगचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे तिसरं भोक शोभेचं आहे."

पन्नासएक वर्षांपूर्वीचं वायरिंग. प्लग पुढे कधीतरी तीन पिनांचे बसवले, पण वरच्या जाड पिनेला मागे वायरच नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पेटीला जोडलेला आणि एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह मुकाट जमिनीत जातो. नसेल तर लोखंडी पेटी दोघांच्या मधोमध लोंबकळत राहते, २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसती चुणचुण, पण जमिनीची वाट नसलेल्या घरात उद्या आतली एखादी वायर सोलून पेटीला टेकली, तर तीच मांडणी जीव घेऊ शकते. इतकी वर्षं फ्रीज आणि वॉशिंग मशीन याच भरवशावर चालली होती, हे काकांनी शांतपणे सांगितलं, तेव्हा सासूबाईंच्या बटणं बंद करण्यात मला पहिल्यांदाच शहाणपण दिसलं.

इमारतीच्या मागच्या बोळात, तगरीच्या झाडाजवळ, खड्डा घ्यायचं ठरलं. सोसायटीच्या बैठकीत 'सर्व्हर' म्हटल्यावर चेहरे कोरे होते, 'अर्थिंग' म्हटल्यावर दोघांनी आमच्याही घराला जोडून द्याल का, असं विचारलं. दोन मजूर पुरुषभर खोल उतरले. आधी पेव्हर ब्लॉक, मग विटांचे तुकडे, मग काळी ओलसर माती. जिच्यावर आपण राहतो ती माती इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. मधोमध भोकं पाडलेला लोखंडी पाइप उभा केला. त्याच्याभोवती एक थर जाड मिठाचा, एक थर लाकडी कोळशाचा, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. मीठ मातीतून विजेला वाट करून देतं, कोळसा ओल धरून ठेवतो. मी मांडलेली सगळी यंत्रं सिलिकॉनची, त्यांच्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर. आणि त्यांचं शेवटचं टोक मिठाच्या गोणीत. वर सिमेंटचा छोटा चौकोन, त्यावर झाकण. पाइपमधून निघालेली वायर भिंतीच्या कडेने कोठीत आली. काकांनी मेन बोर्डात ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवला, पुन्हा टेस्टर मांडणीला लावला, आणि या वेळी तो विझलेलाच राहिला.

जाताना म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी घालत जा बरं का खड्ड्यात. सुकला की उपयोग नाही." तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी तगरीला पाणी घालते तेव्हाच एक बादली अर्थिंगला घालते. सर्व्हरला पाणी घालणारी बाई म्हणून बोळात माझी ओळख आहे, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

विजेचं बाकी प्रकरण त्यामानाने लहान. वीज जाते, येते, कधीकधी जाऊन येऊन पुन्हा जाते, आणि या तिसऱ्या प्रकारात मेमरी कार्डावर चालणारी छोटी यंत्रं फार मरतात. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला तेव्हापासून पुष्कळांनी हौसेची सुरुवात त्यावरच केली. आपल्याकडे त्याला कार्डाऐवजी एसएसडी आणि मागे यूपीएस द्यावा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची साधी बॅटरी असलेला यूपीएस माझा भार अर्धा तास तरी ओढतो. तेवढ्यात वीज आली नाही, तर यंत्रं आपापली फाइल मिटून झोपी जातात.

इंटरनेटचंही थोडक्यात. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे नेट देणारे बहुतेक जण एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, आणि बाहेरून आपल्या घरचा सर्व्हर गाठता येत नाही. यावर उपाय आहेत. मी वायरगार्ड नावाचं सॉफ्टवेअर वापरते. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दाराला चारचौघांसाठी पाटी लावण्यापेक्षा घरच्यांना मागच्या दाराची किल्ली दिलेली बरी.

राहिला बॅकअप. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावरच्या कपाटातले सगळे अल्बम गेले. पाणी ओसरल्यावर फोटो एकमेकांना चिकटून त्यांचे जाड ठोकळे झाले होते. वेगळे करायला गेलं की चेहरे सोलून येत. तिच्या लग्नाचे फोटो आता आहेत ते फक्त दुसऱ्या नातेवाइकांना त्या वेळी पाठवलेल्या प्रतींमुळे. बॅकअपचा प्रसिद्ध नियम पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने मांडलेला आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरने नव्हे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आपल्या आयांना हे विरजणामुळे माहीत होतं. आपलं दही बिघडलं तर शेजारणीकडून वाटीभर आणायचं, कारण तिचं विरजणही मुळात आपल्याकडूनच गेलेलं असायचं. माझं एक टायनी आता मावशीकडे सांगलीला आहे, पहिल्या मजल्यावर, कुलूपबंद केलेल्या डिस्कसह. रात्री कोठीतला नवा माल तिकडे जातो. तिच्या मुलांचे फोटो माझ्याकडे येतात. तिथल्या बटणावरही टेप लावून आले आहे.

हिशेब करायचाच तर यंत्रांवर गेले त्याहून जास्त पैसे बाकीच्या गोष्टींवर गेले : नव्या डिस्क, यूपीएस, वायरिंग, सुतार, आणि तो खड्डा. एवढ्या पैशात ऑनलाइन साठवण कितीतरी वर्षं भाड्याने मिळाली असती, हे घरात मला ऐकवलं गेलं आहे आणि ते बरोबर आहे. पैसे वाचवायचे म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये. पण कमी पैशात नीट करायचं असेल, तर पैसे कुठे घालायचे याचा क्रम मात्र दुकानांत सांगतात त्याच्या उलटा आहे. तेव्हा हौस आली असेल तर बाजारात जायच्या आधी वायरमनला घरी बोलवा, तिसऱ्या भोकाच्या मागे वायर आहे का ते बघायला सांगा. आणि तो खड्डा घ्यावा लागेल म्हणाला, तर मिठाच्या गोणीवरून घासाघीस करू नका.